धुरीचा वास उशिरा का पोचतो?

वायूंच्या रेणूंचे वेग आणि त्यांची गतिज ऊर्जा यांवर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. हा धडा अकरावीला रसायनशास्त्रात येतो, बारावीला भौतिकशास्त्रात पुन्हा भेटतो आणि सीईटीला हमखास विचारतात, म्हणून विद्यार्थ्यांची पत्रं येणार हे धरूनच चालले होते. पण कवठेमहांकाळच्या एका बागायतदारांनीही पत्र पाठवलं, त्याचं मला विशेष वाटलं. काहींनी नाव छापू नका असं कळवलंय, तेव्हा सगळ्यांचीच नावं गाळली आहेत. तासगावच्या पत्राला जागा जास्त दिली आहे. सांगलीत ज्युनियर कॉलेजला शिकवत असताना हा प्रश्न एखाद्या मुलीने वर्गात उठून विचारावा असं मला फार वाटायचं.

प्रश्न : मॅडम, आमची बेदाण्याची शेड आहे. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात तेव्हा सल्फर डायऑक्साइड तयार होतो. मी २७ अंश सेल्सिअसला त्याच्या रेणूचा आरएमएस वेग (वेगांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढला, तो सेकंदाला ३४२ मीटर आला. शेड घरापासून शंभरेक मीटरवर आहे. म्हणजे वास सेकंदाच्या आत घरी यायला पाहिजे. पप्पांनी शेडवरून मारलेली हाक लगेच ऐकू येते, पण वास चार-पाच मिनिटांनी येतो, कधी येतच नाही. सूत्र चुकलंय की माझं गणित? (विद्यार्थिनी, इयत्ता बारावी, तासगाव तालुका)

उत्तर : तुझं गणित बरोबर आहे आणि सूत्रही बरोबर आहे. हीच शंका १८५८ साली एका मोठ्या शास्त्रज्ञाने घेतली होती. रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८५७ मध्ये वायूंच्या रेणूंचे वेग काढून दाखवले होते. शून्य अंशाला ऑक्सिजनचा सेकंदाला ४६१ मीटर, नायट्रोजनचा ४९२ आणि हायड्रोजनचा १८४४. त्यावर हॉलंडचे हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी विचारलं, की रेणू एवढे सुसाट जातात तर खोलीच्या एका कोपऱ्यात क्लोरीन सोडला की दुसऱ्या कोपऱ्यात त्याचा वास यायला मिनिटं का लागतात? तंबाखूचा धूर खोलीत थर धरून का राहतो? बाइस बॅलट यांचं नाव वाऱ्यांच्या नियमामुळे भूगोलात येतं, ते हेच.

क्लॉसियस यांनी लगेच पुढच्या लेखात उत्तर दिलं. रेणूचा वेग खरा आहे, पण त्याला सरळ जाऊ देतंय कोण? थोडंसं अंतर गेला की तो दुसऱ्या रेणूवर आदळतो आणि दिशा बदलते. दोन टकरींच्या मधल्या सरासरी अंतराला आपण माध्य मुक्त पथ म्हणतो. आपल्या नेहमीच्या हवेत तो साधारण ६८ नॅनोमीटर भरतो, म्हणजे मिलिमीटरच्या पंधरा हजाराव्या भागाहून किंचित जास्त. हवेतला रेणू सेकंदाला जवळजवळ ७०० कोटी टकरा खातो. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये हवेच्या चिकटपणावरून हाच आकडा सुमारे ८०० कोटी काढला होता. तेव्हा रेणू खरंच असतात की नाही यावरही एकमत नव्हतं, तरी उत्तर एवढं जवळ आलं. हे मुलांना सांगताना मला आजही भरून येतं.

आता वही घे. दर टकरीनंतर दिशा वाटेल ती, म्हणून गेलेली पावलं एकमेकांना खोडत राहतात. अशा चालीत मूळ जागेपासून किती दूर गेलो हे पावलांच्या संख्येच्या वर्गमुळावर ठरतं. एक मीटर म्हणजे ६८ नॅनोमीटरची जवळपास दीड कोटी पावलं. पण खरोखर एक मीटर दूर जायचं तर त्या दीड कोटीचा वर्ग करावा लागतो, म्हणजे दोनावर चौदा शून्यं इतक्या टकरा. त्याला सेकंदाच्या ७०० कोटींनी भाग. साधारण आठ तास येतात. शंभर मीटरला अंतर शंभर पट, म्हणून वेळ दहा हजार पट. त्याची नऊ वर्षं होतात. सल्फर डायऑक्साइडचा रेणू हवेतल्या रेणूंपेक्षा जड आणि आकारानेही मोठा, त्यामुळे त्याला याहूनही जास्त वेळ लागेल. हा हिशेब ढोबळ आहे, पण वर्षांच्या जागी मिनिटं यावीत इतका ढोबळ नाही.

तेव्हा तुझ्या घरी येणारा वास रेणूंच्या स्वतःच्या भटकंतीने येतच नाही. तो वारा आणतो. वाऱ्यात हवेचा सगळा लोटच्या लोट सरकतो आणि सल्फर डायऑक्साइडचे रेणू त्याच्याबरोबर येतात. चार-पाच मिनिटांत शंभर मीटर म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरच्याही आतला वारा, झाडाचं पान जेमतेम हलेल एवढा. वारा उलटा असेल त्या दिवशी वास येत नाही, हे तूच लिहिलं आहेस. पुढच्या धुरीला वाऱ्याची दिशा आणि वासाची वेळ टिपून ठेव.

पप्पांच्या हाकेचं मात्र वेगळं. ती लगेच येते, कारण तिथे कुठल्याही रेणूला शेडपासून घरापर्यंत यावं लागत नाही. एकाने दुसऱ्याला धक्का द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि प्रत्येक जण आपल्या जागेच्या आसपासच राहतो. धक्का पुढे जातो रेणूंच्या वेगाच्याच बेताने, म्हणून आवाजाचा वेग (२७ अंशांना सेकंदाला ३४७ मीटर) आणि हवेतल्या रेणूंचा वेग एकाच पट्ट्यातले निघतात. तुला मिळालेला ३४२ हा आकडा आवाजाच्या वेगाला जवळजवळ भिडतो तो मात्र योगायोग. सल्फर डायऑक्साइडचा रेणू हवेतल्या सरासरी रेणूच्या दुपटीहून जड आहे, म्हणून त्याचा वेग एवढा खाली आला.

आणि एक गोष्ट आईच्या अधिकाराने सांगते. धुरी चालू असताना ताडपत्री उचलून आत डोकावू नकोस. हा वायू पाण्यात सहज विरघळतो, म्हणून डोळे, नाक आणि घसा यांच्या ओलाव्याला आधी धरतो. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना त्या वेळी वाऱ्याच्या खालच्या बाजूला थांबू देऊ नका.

प्रश्न : काचेच्या आडव्या नळीच्या एका टोकाला अमोनियाचा आणि दुसऱ्या टोकाला हायड्रोक्लोरिक ॲसिडचा कापसाचा बोळा लावून आम्ही पांढरी कडी पाहिली. अमोनियाकडून ५६ आणि ॲसिडकडून ४४ सेंटिमीटर आलं. गुणोत्तर १.२७. पण ग्रॅहॅमच्या नियमाने (वायूचा वेग रेणुभाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात) १.४६ यायला हवं, म्हणून वहीत तसंच लिहा असं आम्हाला सांगण्यात आलं. आमचं काय चुकलं? (विद्यार्थी, इयत्ता अकरावी, कराड)

उत्तर : काहीच चुकलं नाही. वहीत १.२७ लिही, ५६ आणि ४४ ही दोन्ही मापंही लिही, आणि खाली कारण लिही. मोजलेला आकडा खोडून पुस्तकातला आकडा लिहायची सवय अकरावीत लागली की ती पुढे सुटत नाही. याबाबतीत मी कुणाचीच भीड धरत नाही.

कारण असं. एकाच तापमानाला सगळ्या वायूंच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच असते. २७ अंशांना एका मोलला ती सुमारे ३७४० जूल भरते, मग तो अमोनिया असो, हायड्रोजन क्लोराइड असो की हायड्रोजन. ऊर्जा सारखी आणि वस्तुमान वेगळं, म्हणून वेग वेगळे पडतात. अमोनिया (रेणुभार १७) सेकंदाला ६६३ मीटर, हायड्रोजन क्लोराइड (३६.५) ४५३ मीटर. भागाकार १.४६. इथपर्यंत पुस्तक बरोबर आहे.

पण हे गुणोत्तर हुबेहूब मिळतं ते वायू बारीक छिद्रातून निर्वात जागेत निसटतो तेव्हा. छिद्र इतकं लहान, की रेणू एकेकटा, कुणाशी टक्कर न खाता बाहेर पडतो. तुमच्या नळीत हवा भरलेली होती. दोन्ही वायू हवेच्या रेणूंवर आदळत, अडखळत पुढे आले. तिथे त्या टकरींत हवेचं वस्तुमान, रेणूंचे आकार आणि बोळ्यातून वायू किती जोरात सुटतोय हे सगळं येतं. म्हणून गुणोत्तर १ पेक्षा जास्त येतं, कडी ॲसिडच्या बाजूला पडते, पण आकडा बहुधा १.४६ पेक्षा कमीच राहतो. सेकंदाला ६६३ मीटर वेगाच्या रेणूला ५६ सेंटिमीटर जायला मिनिटं लागली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. वर तासगावच्या मुलीला लिहिलेलं उत्तर याच्याशी जोडून वाच. आणि त्या कडीची पांढरी पूड म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाले वापरतात तो नवसागर.

प्रश्न : सरासरी वेग असताना आरएमएस वेग कशाला? तीन-तीन वेग पाठ करून गोंधळ होतो. (सांगली, मिरज, विटा आणि सातारा इथून आलेली पत्रं)

उत्तर : बऱ्याच गाइडांत लिहिलेलं असतं, की अधिक-उणे चिन्हं जावीत म्हणून वर्ग करतात. ते कारण पुरेसं नाही. वेगाचं नुसतं परिमाण घेतलं तर त्याला उणे चिन्ह नसतंच, आणि त्याची साधी सरासरी काढताही येते. खरं कारण ऊर्जेत आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, म्हणून ऊर्जेचा हिशेब जुळायचा तर सरासरी वर्गांचीच घ्यावी लागते.

चार रेणू घ्या, वेग २००, ४००, ६०० आणि ८००. साधी सरासरी ५००. आता वर्ग करून सरासरी काढा आणि वर्गमूळ घ्या, ५४८ येतात. सगळे रेणू ५०० ने चाललेत असं समजून ऊर्जा काढलीत तर खऱ्या ऊर्जेचा सहावा हिस्सा हिशेबातून गायब होतो. कागदावर करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यानंतर पाठांतराची गरज उरत नाही.

तिन्ही वेगांना आपापली कामं आहेत. दाब आणि ऊर्जा काढायची तर आरएमएस. टकरा किती होतात, मुक्त पथ किती, छिद्रातून किती वायू निसटतो यासाठी साधी सरासरी. आणि मॅक्सवेलच्या आलेखाचं (कोणत्या वेगाचे किती रेणू, हे दाखवणारा आलेख) शिखर जिथे येतं तो सर्वाधिक संभाव्य वेग. २७ अंशांना नायट्रोजनसाठी ते अनुक्रमे ५१७, ४७६ आणि ४२२ येतात. आलेख उजवीकडे लांब शेपटी काढतो, म्हणून सरासरी शिखराच्या पुढे सरकते आणि आरएमएस त्याहून पुढे.

मिरजेच्या एका मुलाने ऑक्सिजनचा आरएमएस वेग १५.३ काढून पाठवलाय. सूत्रात रेणुभार ३२ असाच घातला आहे. तो किलोग्रॅममध्ये, म्हणजे ०.०३२ घ्यायचा, मग ४८४ येतात. सेकंदाला १५ मीटर म्हणजे तासाला ५५ किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर रस्त्यावरची एसटी. हवेतून आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटर जातो, तर तो पुढे नेणारे रेणू एसटीच्या वेगाने कसे चालतील? उत्तर लिहिल्यावर प्रत्येक वेळी असा एक प्रश्न स्वतःला विचारा.

प्रश्न : हे वेग कुणी प्रत्यक्ष मोजलेत का, की सगळं सूत्रावरच? (विद्यार्थी, फलटण)

उत्तर : मोजलेत. ओटो श्टेर्न यांनी १९२० मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्टला. प्लॅटिनमच्या तारेवर चांदीचा थर देऊन ती तार निर्वात भांड्यात तापवली. चांदीचे अणू सुटून फटीतून समोरच्या पट्टीवर बसायचे. मग सगळं उपकरण गरागरा फिरवलं. अणू फटीपासून पट्टीपर्यंत पोचेतो पट्टी जराशी पुढे सरकायची, आणि चांदीचा डाग तेवढा बाजूला पडायचा. डाग किती सरकला यावरून वेग निघाला, सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास, सिद्धांत सांगत होता त्याच पट्ट्यात.

प्रश्न : बाई, मी शास्त्र शिकलेलो नाही, पण मुलाच्या पुस्तकात वाचलं की पाणी १०० अंशांना उकळून वाफ होते. आमच्या शेडमध्ये जाळ नाही, ऊन थेट लागत नाही, ३५ अंशांचा वारा असतो. तरी पंधरा-एक दिवसांत द्राक्षाचा बेदाणा होतो. पाणी उकळल्याशिवाय जातं कसं? आणि ऊन थोडं वाढलं की एवढा फरक का पडतो? (द्राक्ष बागायतदार, कवठेमहांकाळ तालुका)

उत्तर : दादा, तुमचे दोन्ही प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात. पाण्यातले रेणू सगळे सारख्या ऊर्जेचे नसतात. काही मंद, बरेच मधले, थोडे फार जोरकस. शेजाऱ्यांची पकड सोडून हवेत निसटायला १८ ग्रॅम पाण्याला सुमारे ४४ हजार जूल लागतात, आणि तेवढ्याच पाण्यातल्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा असते ३७०० जूलच्या आसपास. म्हणजे सरासरीच्या बारा पट जोर ज्याच्या अंगात आला तो सुटला. असे रेणू फार थोडे, पण टकरा थांबत नाहीत, म्हणून क्षणाक्षणाला नवे तयार होत राहतात. त्यासाठी १०० अंश लागत नाहीत. १०० अंशांना वाफेचा दाब हवेच्या दाबाइतका होतो म्हणून पाण्याच्या पोटात बुडबुडे धरतात, एवढंच त्या आकड्याचं महत्त्व.

आता ऊन वाढल्याचं. तापमान २५ अंशांवरून ३५ वर गेलं तर रेणूंचा वेग सरासरीने जेमतेम पावणेदोन टक्के वाढतो, कारण तो केल्व्हिनमधल्या तापमानाच्या वर्गमुळावर चालतो आणि केल्व्हिनमध्ये हे २९८ वरून ३०८ झालं. एवढ्याने काय होणार, असं वाटेल. पण पाण्याच्या वाफेचा दाब याच दहा अंशांत पाऱ्याच्या २३.८ मिलिमीटरवरून ४२.२ वर जातो, पावणेदोन पट. सरासरी जराशी सरकली तरी टोकाच्या जोरकस रेणूंची संख्या झपाट्याने वाढते. वाळण्याचं सगळं काम त्या टोकावरच्या थोड्यांच्या हाती असतं. अकरावी-बारावीच्या मुलांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. पुढे रासायनिक अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर का वाढतो, त्याचंही मूळ इथेच आहे.

तुम्ही करता त्या प्रत्येक गोष्टीला यात जागा आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी आत धरून ठेवतो. डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवला की तो थर विस्कटतो आणि रेणूंना वाट मिळते. जाळीचे रॅक एकावर एक असतात, कारण चारी बाजूंनी वारा खेळायला हवा. निसटलेले रेणू मण्याभोवती साचून राहिले तर त्यातले बरेच परत मण्यातच शिरतात. वारा त्यांना घेऊन जातो. ढगाळ हवा आली, अवकाळी शिंतडला, की हवेत आधीच वाफ भरलेली असते, जेवढे रेणू सुटतात जवळजवळ तेवढेच परत येतात, आणि माल काळा पडायची धास्ती लागते.

शेडमध्ये एक करून बघा. दोन साधे थर्मामीटर शेजारी टांगा. एकाच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि फडक्याचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. जोरकस रेणू निघून गेले की मागे उरलेल्यांची सरासरी ऊर्जा कमी होते, म्हणून ओला थर्मामीटर खाली उतरतो. दोघांत फरक जितका मोठा, तितकी हवा वाळवणीला चांगली. फरक दोन-तीन अंशांवर आला तर त्या दिवशी बाजूचे पडदे, पंखे यांचा विचार करा. रोज सकाळ-दुपार आकडे मुलाला लिहायला लावा. त्याचाही अभ्यास होईल.

प्रश्न : महाबळेश्वरला हवा विरळ असते. तिथले रेणू हळू चालतात का? (शिक्षक, वाई)

उत्तर : रेणूंचा वेग ठरतो तो तापमानावर. दाब कमी झाला म्हणून तो बदलत नाही. मे महिन्यात सांगलीत ४० अंश आणि महाबळेश्वरला ३० अंश असतील, तर नायट्रोजनचा आरएमएस वेग सांगलीत ५२८ आणि तिथे ५२० भरेल, आणि हा फरक सगळा थंडाव्यामुळे. उंचीमुळे बदलते ती रेणूंची दाटी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ८५ टक्के राहतो. रेणू कमी म्हणून टकरा कमी, आणि मुक्त पथ ६८ वरून ८० नॅनोमीटरच्या आसपास जातो. घाट चढून आलेल्याला धाप लागते ती प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे रेणू कमी आल्यामुळे.